रणगाड्याचा पट्टा

"हलू नकोस."

"श्वास घेतला तर चालेल ना?"

डॉक्टरबाई हसल्या. "घे. पण बडबड नको."

म्हणजे नेमकं रणगाड्याला जे जमत नव्हतं तेच. रणगाडा हे तिचं शाळेतलं नाव. पूर्वी कुणी तसं चिडवलं की ती रडत बसायची. हल्ली मैदानात उतरताना स्वतःच आरोळी ठोकायची, "बाजूला व्हा, रणगाडा आला!"

शाळेच्या आवारात उभ्या केलेल्या गाडीत हाडं तपासायचं यंत्र होतं. लांबलचक दांडा अंगावरून सरकत गेला आणि पडद्यावर तिची हाडं उमटली. चरबी कुठे आणि किती, तेही.

"तुझी हाडं वयाच्या मानाने विरळ आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"म्हणूनच नुसती ठेच लागली आणि हात मोडला?"

"असू शकतं."

"आणि मी जाडी आहे, ते खाऊन खाऊन नाही?"

"खाण्याचा भाग असतोच गं. पण काही रसायनं वाढत्या वयात शरीराला चकवतात, अशी आम्हाला शंका आहे. ज्या पेशींनी हाड व्हायचं, त्या चरबी होऊन बसतात."

रणगाडा टुणकन उठून बसली. इतकी गोड बातमी तिला आजवर कुणी दिली नव्हती! घरी ताटात दुसऱ्यांदा काही वाढून घेतलं, की आईचे डोळे मोठे व्हायचे. हात मोडला तेव्हाही आई म्हणाली होती, "हाडं ठिसूळ, जीभ तेवढी मजबूत!"

रसायन कुठून येतं हे सांगायला डॉक्टरबाई कशाला हव्या होत्या? शाळेच्या भिंतीला लागूनच दप्तरांच्या कापडावर प्लॅस्टिकचा थर चढवणारा कारखाना होता. टाक्या उघड्या, वास थेट वर्गात. बाबा तिथेच टाकीवर कामाला. तरीही, की म्हणूनच, मागच्या महिन्यात पालकसभेत ती उभी राहिली होती. पहिल्या रांगेत कारखान्याचे मालक बसले होते. त्यांच्याकडे बघत ती म्हणाली, "टाक्यांवर झाकणं बसवा. आमची हाडं तुमच्या दप्तरांपेक्षा स्वस्त नाहीत!" टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मालकांनी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत.

आता हवा होता पुरावा. डॉक्टरबाईंनी वर्गातल्या प्रत्येकीला एक बंद डबी दिली. आत रबरी पट्टा. तो आठवडाभर मनगटावर बांधायचा. हवेत जे असेल ते तो शोषून घेतो.

"पट्टे भरून आले तर सरकारी साहेबांना हलावंच लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "रिकामे आले, तर मालक म्हणणार, पोरी जास्त खातात."

ते शेवटचं वाक्य रणगाड्याला सुईसारखं टोचलं.

घर शाळेपासून लांब होतं. निम्मा दिवस पट्टा चांगल्या हवेत राहणार, मग भरणार कसा? घरी जाऊन तिने डबी उघडली आणि पट्टा गुपचूप बाबांच्या पिशवीच्या आतल्या खिशात सरकवला. आईने नुकतीच शिवलेली कोरी पिशवी ती. कारखान्यात पिशव्या खुंटीला, टाकीपासून हातभर अंतरावर टांगतात. तिच्या मनगटावर मात्र पट्ट्याऐवजी केसांचं काळं रबर. लबाडी होती थोडी. पण कारखाना तोच, हवा तीच!

सकाळी बाबांनी पिशवी खांद्याला लावली. "काय रणगाडा, आज कुणावर चाल?"

"तुमच्या मालकांवर! बाबा, ते तुम्हाला काही बोलतात का हो?"

"हल्ली एक अक्षर नाही."

"घाबरलेत!"

"घाबरणारच. पोरगी कुणाची आहे!" आणि शीळ घालत ते निघाले.

त्या आठवड्यात तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. त्यात आई कपडे भिजवताना म्हणाली, "यांच्या कपड्यांचा तो घाण वास गेला की गं. एकदा पाण्यात बुडवले की झालं."

रणगाड्याने बाबांना जेवतानाच गाठलं. "झाकणं बसवली ना? खरं सांगा!"

बाबांनी घास सावकाश चावला. "झाकणं नाही. नवे अ‍ॅप्रन दिलेत."

"माझ्या भाषणामुळे?"

"तुझ्याच भाषणामुळे," ते म्हणाले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आता मागे हटायचं नाही. कळलं?"

आठवडा संपताच तिने पट्टा पिशवीतून काढला आणि डबीत बंद करून परत दिला. निकालाच्या दिवशी डॉक्टरबाई वर्गात शिरल्या त्याच हसत. पट्टे भरलेले! कारखान्यातलंच रसायन! साहेब स्वतः येऊन बघून गेले होते. टाक्यांवर झाकणं बसेपर्यंत एकही टाकी चालवायची नाही, असा हुकूम होता. वर्गात एकच गिल्ला झाला. चौघींनी रणगाड्याला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि पाचही जणी आडव्या झाल्या. फरशीवर पडल्या पडल्या रणगाडा छतापर्यंत पोचेल असं हसली. तिची चूक नव्हती! कधीच नव्हती!

"जरा बाहेर येतेस?" डॉक्टरबाईंनी तिला व्हरांड्यात नेलं. त्यांच्या हातात एक डबी होती. "हा तुझा पट्टा ना?"

लबाडी पकडली गेली की काय! तरी रणगाड्याला हसू काही आवरेना. "फारच भरला का हो, बाई?"

"उलट. कारखान्यातलं रसायन यात नावालाही नाही." डॉक्टरबाईंच्या कपाळावर आठी होती. "यात आहे नुसता गाड्यांचा धूर. मागे आम्ही चौकात काम मिळेल म्हणून दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसांचे पट्टे तपासले होते. हुबेहूब तसा."