रक्तातलं दूध

वरातीसाठी नत्थुजींची मारवाडी घोडी घ्यायला आलेले शेषराव तिचे दात सोडून तिचा रिपोर्टच निरखत होते. गुरांच्या डॉक्टरांनी दोन जातींच्या घोड्या पळवून, त्यांचं रक्त तपासून, शुद्ध शासकीय मराठीत लिहिलं होतं, ‘पळाल्यावर रक्तातील दुग्धाम्ल भीमथडीत दुप्पट, मारवाडीत चौपट.’ शेषरावांनी शब्दावर बोट ठेवलं. “रक्तात चौपट दूध? नत्थुजी, शिंगरू कुठी लपवलं? उद्या घोडी नवरदेवासकट तिकडं पयन.” “कायचं शिंगरू? कुवारी हाय ते,” नत्थुजी घोडीकडे न पाहता म्हणाले. शेजारी उभे असलेले डॉक्टर हसले. “शेषराव, दुग्धाम्ल म्हणजे लॅक्टिक अ‍ॅसिड, रक्तातल्या त्याचा दुधाशी संबंध नाही. पळालात तर तुमच्याही रक्तात वाढेल.” “मंग तेल्हाऱ्याहून एसटीनं आलो तेच बरं केलं,” म्हणत शेषरावांनी ओशाळून सौद्यासाठी हात पुढे केला. तेवढ्यात कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या ढिगामागून बारीक खिंकाळी आली. नत्थुजी काही बोलायच्या आत घोडीनंच ओ दिली.