टोचणी

कळंब्याच्या तळ्याकाठी रोज सकाळी आदिती मॅडमचा ताई-ची या संथ चिनी व्यायामाचा वर्ग भरायचा, तोही अनवाणी. वजन कुठल्या पायावर आहे, तळव्याखाली काय आलंय, हे पावलागणिक समजलं पाहिजे असा त्यांचा हट्ट. जोतीराम पैलवानांची सगळी हयात तालमीच्या मातीत गेलेली, पण इथं बारीक खडा टोचला तरी ते कळवळायचे आणि तोल जायचा.

"आप्पासोंकडं बघा," मॅडम म्हणायच्या. "किती जपून पाऊल टेकवतात. खड्यावर पाय पडला तरी तोंडातून अवाक्षर नाही."

आप्पासो म्हणजे कापडदुकानाच्या गादीवर जन्म काढलेला माणूस. त्याचं हे रोजचं कौतुक ऐकून पैलवानांचा नुसता जळफळाट व्हायचा.

एक दिवस वर्ग सुटल्यावर आप्पासो मॅडमशी बोलत बोलत फाटकाकडं निघाले. त्यांच्या एका पायातली चप्पल वाटेतच गळून पडली, तरी ते आपले तसेच पुढं चाललेले. पैलवानांना आयतंच सापडलं. चप्पल उचलून ते सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडले,

"ओ आप्पासो, पायातलं पायतान गळालं तरी तुमाला पत्त्या न्हाय व्हय? लई ध्यान असतंय न्हवं पायाकडं?"

आप्पासोंनी थांबून आधी खाली, आपल्या पायांकडं बघितलं.

"शुगरनं दोन्ही तळवं बधिर झाल्यात, पैलवान. नजर ठेवल्याबिगर पाऊल कुठं पडलं कळत न्हाय बघा."

.

.

"तुमचं बरं हाय. तुमाला खडा तरी टोचतोय."