सोडलेली जागा

"दहा मिनिटांत सापडली?" साहेबांनी खुर्ची तिच्या टेबलाजवळ ओढली. "आपले दोघं तीन आठवडे डोकेफोड करतायत!"

"नशीब, दुसरं काय," ती म्हणाली.

चूक स्टोरेज ड्रायव्हरमध्ये होती, म्हणजे डिस्कशी बोलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. तो सात वर्षांपूर्वी तिनेच लिहिला होता. डिस्क मधेच बंद पडली की हा पठ्ठ्या मेमरीतली जागा सोडून द्यायचा, पण तिचा पत्ता खिशात ठेवायचा. मग तिथे दुसऱ्या कुणाची माहिती आली, तरी तिच्यावर खुशाल लिहून मोकळा. दुरुस्ती जेमतेम तीन ओळींची.

साहेबांनी सगळ्यांदेखत तिचं कौतुक केलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सात वर्षांपूर्वी एका हॉस्पिटलात डिस्क क्षणभर बंद पडली आणि रुग्णांचे रिपोर्ट एकमेकांत मिसळले. तिथे तिचाच ड्रायव्हर चालू होता आणि कॉम्प्युटर रूममध्ये ड्युटीवर तिचाच सख्खा दादा. "मी कशाला हातही लावला नाही," असं तो चार दिवस सांगत राहिला. पाचव्या दिवशी तिनेच त्याला समजावलं. "कबूल कर, दादा. मशीन कशाला खोटं बोलेल?" त्याने माफीनाम्यावर सही केली आणि नोकरी गेली. त्याच महिन्यात ती मात्र नोकरीत पक्की झाली.

आता दादा झेरॉक्सचं दुकान चालवतो. ऑफिसातून ती थेट तिथे गेली. तो मशीनमध्ये अडकलेला कागद ओढत होता.

"ये गं. आज इकडे कुठे?"

"दादा, ते रिपोर्ट तू नव्हते बिघडवलेस. माझ्या ड्रायव्हरमध्ये चूक होती."

तो कागद धरून तसाच उभा राहिला.

"चोर सोडून संन्याशाला फाशी झाली रे. मी हॉस्पिटलला पत्र लिहिते. माझ्या नावानं."

"तुझ्या वहिनीला आधी सांगतो," तो म्हणाला. "तिचाही विश्वास नव्हता गं माझ्यावर. बोलून दाखवलं नाही कधी, एवढंच."

ती रडायला लागली. लाजेने तिला मान वर करवेना. दादाने शाईचे हात पँटला पुसले आणि तिच्या डोक्यावर ठेवले.

"रडतेस काय, वेडाबाई? तुला तरी तेव्हा कुठे माहीत होतं?"

तिने मान आणखी खाली घातली. आज साहेबांना दिलेली दुरुस्ती तिने लिहिली होती ती सात वर्षांपूर्वी, दादाने सही केली त्याच्या आदल्या दिवशी.