फिलोमिनाचा उजवा हात

“घाई करू नकोस, फिलोमिना. जॅझमध्ये सूर किंचित रेंगाळू द्यायचा,” ऑस्वाल्ड पुन्हा करवादला.

हॉटेलांत पियानो वाजवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. अर्धांगवायूने उजवा हात लुळा पडला, तेव्हा त्याच्या आवडत्या धुनेतला उजव्या हाताचा भाग त्याची बायको शिकू लागली. याआधी तिने पियानो फक्त पुसला होता.

त्या संध्याकाळी ती त्याच्या उजवीकडे बसली. त्याचा डावा हात, तिचा उजवा. धून प्रथमच न अडखळता शेवटपर्यंत गेली.

“जमलं ना?” तिने हरखून विचारलं.

“जमलं.” तो पट्ट्यांकडे बघत राहिला. “आता डाव्या हाताचंही शिकून घे. मी काय जन्मभर पुरणार आहे?”

त्याचं सगळं बोलणं मुकाट ऐकणारी फिलोमिना म्हणाली, “नाही शिकणार.”

तिने त्याचा डावा हात उचलून पुन्हा पट्ट्यांवर ठेवला.