कडेची नजर

"दिवा का बंद आहे?" कंत्राटदार गच्चीच्या दारातूनच ओरडला.

स्टुलावर उभी असलेली त्याची मुलगी इतकी दचकली की तिचा हात खाली आला. मोबाइलचा उजेड दिव्याच्या सेन्सरवरून हटला. सेन्सरला वाटलं, अंधार पडला. दोन-चार क्षण गेले आणि जिन्याच्या खोलीच्या भिंतीवरचा थोराड दिवा भसकन पेटला. पाण्याच्या टाक्या, दोरीवरच्या चादरी आणि दुर्बिणीवर वाकलेली त्याची ताई, सगळं पांढरंफटक झालं.

ताईनं दोन्ही हातांनी डोळे झाकले.

"मेल्या," ती म्हणाली, "अर्धा तास अंधारात बसून डोळे तयार केले होते. घालवलंस सगळं."

दिवा त्यानंच लावला होता. शहरातल्या निम्म्या रस्त्यांवर त्याच्याच खांबांचे दिवे होते. घरच्या गच्चीला एक दिवा म्हणजे त्याच्या हातचा मळ. मागच्या महिन्यात ताई जिन्यात घसरली आणि दुसऱ्याच दिवशी तो स्वतः शिडीवर चढला. बटण मुद्दामच ठेवलं नाही. अंधार पडला की दिवा आपोआप लागणार, उजाडलं की विझणार, कुणी विसरायला नको. या हुशारीवर तो आठवडाभर खूश होता. आणि त्याच्याच पोटच्या पोरीनं सेन्सरला मोबाइल दाखवून दिवसाचा भास करून दिला होता.

"तुझ्यासाठीच लावलाय ना!" तो म्हणाला. "पडलीस तेव्हा हाड मोडलं असतं म्हणजे? आणि तुम्ही दोघी मिळून मलाच मामा बनवता?"

"मला विचारलं होतंस?"

"विचारायचं काय त्यात? उजेड कुणाला नको असतो?"

"मला."

हे ती पाण्याच्या टाकीकडे बघून बोलली. कंत्राटदाराचं डोकं फिरलं ते तिथे.

"आधी माझ्याकडे बघून बोल! किती महिने बघतोय. मी समोर बसलो की तू माझ्या कानाकडे बघतेस, दाराकडे बघतेस. जेवतानासुद्धा. सख्खा भाऊ इतका डोळ्यांत खुपतो?"

"तुझ्याकडे बघितलं की तू दिसत नाहीस."

"हे काय नवीन नाटक?"

"नाटक नाही, बाबा." मुलगी स्टुलावरून खाली उतरली. "आत्याच्या दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली आहे. फक्त कडेनं दिसतं. डॉक्टरांकडे मीच नेते."

कंत्राटदारानं एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा ताईकडे.

"म्हणजे हिला माहीत, तुला माहीत. मी कोण? वायरमन?"

"तुला सांगितलं असतं," ताई म्हणाली, "तर आणखी एक दिवा लावला असतास."

जिन्याच्या वळणावर एक दिवा हवा, असं त्याच्या मनात नुकतंच येऊन गेलं होतं.

"आता ऐक," ताईचा आवाज चढला. "दुर्बिणीतून फिकट काही बघायचं तर सरळ बघायचं नसतं. सरळ बघितलं की ते नाहीसं होतं. नजर जराशी बाजूला ठेवायची, मग दिसतं. इथे जो कुणी बघायला आला त्याला मी हेच शिकवत आले. आता माझ्याकडे तेवढीच नजर उरली आहे. पुस्तक गेलं, सुईदोरा गेला, तुझं तोंड गेलं. देवयानी तारकासमूहातली दीर्घिका अजून आहे. नुसता धुरकट ठिपका. त्यातला निम्मा तुझ्या खांबांनी खाल्ला, मी काही बोलले नाही. ही कडसुद्धा किती दिवस टिकेल, डॉक्टर सांगत नाहीत. आणि तू उरलेला ठिपका खायला माझ्या गच्चीवर येतोस?"

इतक्या रागावलेल्या ताईला त्यानं लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

तो तरातरा भिंतीपाशी गेला आणि दिव्याच्या वायरचा पाइप धरून हिसडला. पाइप हलेना. दोन्ही हातांनी ओढला. जिथे तिथे स्क्रू मारून, स्वतःच पक्का बसवलेला. त्यानं भिंतीला एक लाथ घातली, मग मुलीच्या हातून मोबाइल हिसकावला आणि स्टुलावर चढला. उजेड बाहेर फुटू नये म्हणून हाताचा आडोसा करून त्यानं मोबाइल सेन्सरला चिकटवला.

दिवा विझला.

"उद्या बटण लावतो," तो गुरगुरला.

"उद्याचं उद्या. आता अर्धा तास तोंड मिटून उभा राहा."

तो उभा राहिला. खांदा भरून आला. मुलगी म्हणाली, मी धरते. त्यानं दिला नाही. कठड्यापलीकडे त्याचे रस्ते झगझगत होते आणि वरचं आभाळ गढूळ तांबूस दिसत होतं. पाहुण्यांना तो हौसेनं इथूनच शहर दाखवायचा. आज त्याला त्या खांबांचा राग आला, मुलीचा आला, काही न सांगणाऱ्या ताईचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा.

त्यानं दुर्बिणीकडे पाहिलं. टाकीच्या सावलीत नुसता काळोख होता. डोळे ताणून बघितलं, तर काळोख आणखीच दाटला. मग त्यानं नजर थोडी बाजूला, टाकीच्या कडेवर नेली, आणि ताई दिसली. वाकलेली पाठ, दुर्बिणीला टेकलेलं कपाळ. नीट बघायला म्हणून तो तिच्याकडे वळला आणि ती पुन्हा दिसेनाशी झाली.

"ताई?" तो घाबरून म्हणाला.

"हात हलवू नकोस, मूर्खा," अंधारातून आवाज आला. "दिसतेय."