त्रेचाळीस नंबर

त्रेचाळीस नंबरवर दुसरी रेघ उमटत होती.

सिद्धेशने वाकून परत बघितलं. पहिली रेघ गडद, सगळ्यांची असते तशी. दुसरी फिकट. पण होती. नंबर त्रेचाळीस, काशीराम, वय अडुसष्ट. म्हणजे आप्पा. त्याचा बाप.

टेबलावर कोविड टेस्टच्या सहा पट्ट्या ओळीने पडल्या होत्या. प्रत्येकीखाली कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर. मार्कर सकाळीच सुकला होता, तेव्हा सिद्धेशनेच ही आयडिया काढली होती. मृणालिनी सिस्टर म्हणाल्या होत्या, "चालेल. पण पंखा बंद कर हां, नाहीतर सगळ्यांचे नंबर उडतील." भांडुपच्या टेकडीवर मंडळाची पत्र्याची खोली, त्यात पंखा बंद. सिस्टर त्या पांढऱ्या सूटमध्ये सकाळपासून उकडून निघत होत्या. आत्ताच पाणी प्यायला बाहेर गेल्या होत्या. अलार्म वाजायला दोन मिनिटं होती.

बाहेर बाकावर आप्पा खोकले. हा खोकला सिद्धेश जन्मापासून ऐकत होता. गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात दहा वर्षं काढलेली, तो कापूस अजून छातीत होता. टेस्टला यायलाच तयार नव्हते. "माका काय झालेला नाय रे झिला. गिरणीचो खोकलो तो." सिद्धेश कॅम्पचा व्हॉलंटियर. त्याच्याच बापाने टेस्ट नाही केली तर चाळ काय बोलेल? म्हणून ओढून आणलं होतं.

पंधरा दिवसांपूर्वी समोरच्या द्रौपदी मावशीची पट्टी अशीच निघाली होती. मावशी स्वतःच्या पायांनी ॲम्ब्युलन्समध्ये चढली, वरून म्हणाली, कुंडीला पाणी घाला गं. नवव्या दिवशी फोन आला. स्मशानात दोनच माणसं या म्हणाले. तोंडसुद्धा दाखवलं नाही.

आप्पा कोविड सेंटरला गेले तर परत येणार नाहीत. सिद्धेशला हे लख्ख दिसलं.

बाजूला बेचाळीस नंबर. एकच रेघ. सर्वेश, वय सव्वीस. पहिलीपासूनचा दोस्त. रोज जिम, हे दंड. पन्नास टेस्टचा आकडा भरायचा म्हणून सिद्धेशनेच त्यालाही बोलावलं होतं. नाकात कांडी गेली तेव्हा ओरडला होता, "सिस्टर, मेंदू काढताय काय? तो नाहीये माझ्याकडे, विचारा ह्याला!" सगळी लाइन हसली होती.

सर्वेशला काय होणार? दहा दिवस झोपेल, फुकटचं खाईल, येईल परत.

सिद्धेशने दोन चिठ्ठ्या उचलल्या. परत ठेवल्या. एवढंच.

अलार्म वाजला. सिस्टर आल्या, एकेक पट्टी बघत लिहीत गेल्या. "बेचाळीस, पॉझिटिव्ह. त्रेचाळीस, निगेटिव्ह." मास्कमागून हसल्या. "सुटले बघ तुझे आप्पा."

सर्वेश पाच वाजता गेला, खाली शाळेतल्या सेंटरला. हा शुक्रवार.

शनिवारी आप्पांना कणकण आली. सिद्धेशने काढा दिला, गोळी दिली. परत टेस्ट करून आणू, असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा द्रौपदी मावशी आठवली. उतरेल ताप, तो स्वतःला म्हणाला.

रविवारी संध्याकाळी आप्पा बोलता बोलता थांबले. अर्ध्या वाक्यातच दम लागला. मंडळाचा ऑक्सिमीटर आणून लावला. ब्याऐंशी. सिद्धेशला वाटलं मशीन बिघडलंय. स्वतःच्या बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णव.

रिक्षा करून पहिल्यांदा साध्या हॉस्पिटलला गेला. तिथल्या डॉक्टरने दारातच आकडा बघितला. "ही कोविडची केस वाटते. आम्ही नाही घेऊ शकत. सेंटरला न्या, लवकर."

सेंटरच्या गेटवर काचेची खिडकी. आत फेसशील्ड घातलेला माणूस. त्याने कॉम्प्युटरमध्ये नाव टाकलं.

"काशीराम, अडुसष्ट. शुक्रवारची टेस्ट. निगेटिव्ह."

"साहेब, ब्याऐंशी आहे ऑक्सिजन."

"निगेटिव्ह पेशंट इथे घेत नाही. साधं हॉस्पिटल बघा."

"तिथूनच आलोय! त्यांनी इकडे पाठवलं."

"मग परत टेस्ट करा. टेस्टचं टेबल उद्या दहाला लागेल. आज रविवार."

मागे रिक्षात आप्पा पुढच्या सीटवर डोकं टेकून बसले होते. खोकत नव्हते आता. खोकायलाही दम लागतो.

"ए सिद्ध्या!"

पहिल्या मजल्याच्या खिडकीत सर्वेश. हात हलवत होता. "डबा आणलास काय रे? इथली डाळ म्हणजे नुसतं पाणी यार! बाकी झकास आहे. प्रत्येक बेडला ऑक्सिजनचा पाइप, अर्धे बेड रिकामे. ये वर, पत्ते खेळू!"

सिद्धेशने मान खाली घातली. काचेजवळ तोंड नेलं.

"साहेब, तो रिपोर्ट खोटा आहे."

"काय? ऐकू येत नाही. मोठ्याने बोल."

सिद्धेशने मास्क खाली ओढला. आणि ओरडला. "माझा बाप पॉझिटिव्ह आहे! मी कॅम्पला होतो. मी चिठ्ठ्या बदलल्या. बेचाळीसची त्रेचाळीसला लावली. वर तो सर्वेश उभा आहे ना, त्याला काही झालेलं नाही, तो त्याचा रिपोर्टच नाही!"

सर्वेशचा हात तसाच हवेत राहिला.

काचेमागच्या माणसाने चिडून नाही, दमून सिद्धेशकडे बघितलं.

"भाऊ, बेडसाठी रिपोर्ट खोटा आहे म्हणणारा तू आजचा सातवा."