टाकीला टेकवलेला आरसा

"टेट्रा घोळक्यात राहणारा मासा. एकटा पडला की हाय खातो, दाण्याला तोंड लावत नाही," दुकानदाराने त्याला बजावलं होतं. टाकीत एकच मासा उरला, तेव्हा नवे मिळेपर्यंत त्याने काचेला बाहेरून आरसा टेकवला. "बघ आई, आता याला वाटेल, घर भरलंय!" असं म्हणून तो कामावर निघाला आणि नेहमीसारखं बाहेरून कुलूप लावलं. आई हल्ली रस्ता विसरायची. उगाच जिवाला घोर नको.

संध्याकाळी पाहतो तर मासा कोपऱ्यात मलूल, आणि आरसा गायब!

"आई, इथला आरसा कुठे गेला गं?"

जेवणाच्या टेबलावर, आपल्या ताटासमोर उभ्या केलेल्या आरशाकडे आईने ओशाळून बोट दाखवलं.

 

"रागावू नकोस रे. आज कितीतरी दिवसांनी दोन घास जास्त गेले."